मँटिस शोधायला गेलो अन् भलतंच सापडलं



गेले पंधरा-वीस दिवस पानावर काही टाकलं नाही. दोघा-तिघांनी विचारलं, तब्येत बरी आहे ना म्हणून. बरी आहे. हरभऱ्याचं पाणी चालू होतं, लाइट रात्रीची होती, त्यामुळं रात्री शिवारात अन् दिवसा झोप. आजची नोंद पिकाची नाही. ज्यांना फक्त शेतीचं वाचायचंय त्यांनी सरळ खाली जावं, शेवटी घाटेअळीचं लिहिलंय. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा, जरा लांबण आहे.

सुरुवात श्रावणात झाली. सोयाबीन गुडघ्याच्या वर आलं होतं, फुलं लागायची होती. चक्रीभुंगा कुठं दिसतोय का ते बघत मी सऱ्यातून फिरत होतो. देठाला दोन गोल चकत्या पाडल्या अन् वरचं पान मान टाकून लोंबायला लागलं की समजायचं. तर एका झाडावर हिरवागार, बोटाएवढा किडा बसलेला. पुढचे दोन पाय जोडलेले, जणू हात जोडून उभाय. आमच्याकडं त्याला खंडोबाचा किडा म्हणतात. पोरं त्याला त्रास देत नाहीत, मोठी माणसं मारत नाहीत. बाकीचे किडे खातो म्हणून आपल्या फायद्याचाच. मी फोटो काढला. म्हटलं पानावर टाकू, खाली दोन ओळी माहिती लिहू.

इंग्रजीत त्याला मँटिस म्हणतात एवढं ठाऊक होतं. फोनवर तेवढंच टाकलं. वर दोन-तीन व्हिडिओ किड्यांचेच आले. त्याच्या खाली एक आला, नाव नुसतं मँटिस, लांबी जवळपास बारा मिनिटं. मला वाटलं, सविस्तर माहिती असेल. लावला, फोन शर्टाच्या खिशात टाकला अन् बॅटरीचा पंप पाठीवर घेतला. सुरू झालं ते गाणं! इंग्रजी गाणं, गिटार, ढोल, सगळं. हात औषधाचे झाले होते, फोनला लावता येईना. म्हटलं वाजू दे, संपेल.

ते संपेनाच. एक चाल चालू आहे म्हणेपर्यंत दुसरी लागायची. मध्येच एकदम हळू व्हायचं, वाटायचं संपलं, की परत तिसरीकडूनच उठायचं. माझा पंधरा लिटरचा पंप संपत आला तेव्हा गाणं संपलं. सांगायची गोष्ट अशी की पंप संपल्यावर मी हात धुतले अन् परत तेच लावलं. का लावलं ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. मला इंग्रजी गाण्यातलं कळत नाही. शब्द तर अजून कळत नाहीत. पण त्यातला वाजवणारा कुठं जातोय अन् परत कसा येतोय, एवढं कानाला लागलं होतं.

बँडचं नाव बघितलं. अम्फ्रीज मगी. मी आधी मॅगी वाचलं. घरी सांगितलं तर मालकीण म्हणाली, "आता मॅगीची जाहिरात ऐकायलाव का?"

आता मधली गोष्ट सांगावी लागेल. या पानावर घरचं मी फार लिहीत नाही, पण हे सोडून पुढचं लिहिता येत नाही.

आमचा थोरला पुण्यात इंजिनिअरिंगला. दुसऱ्या वर्षापर्यंत बरं होतं. तिथं त्याला ड्रम वाजवायचा नाद लागला. चार पोरांनी मिळून बँड काढला, खोली भाड्यानं घेतली, ह्यानं जुना ड्रमसेट घेतला. पैसे कुठून आणले विचारलं तर म्हणाला मेसचे वाचवले. तिसऱ्या वर्षाला विषय राहिले अन् वर्ष गेलं. मागच्या मे महिन्यात मी फोनवर जे बोलायचं ते बोललो, जे बोलायचं नाही तेही बोललो. "ते डबडं विकून टाक, नाहीतर घरी ये अन् औताला लाग," असं. त्यानं एक शब्द उलट केला नाही. आठ दिवसांनी माझ्या खात्यावर साडेअठरा हजार रुपये आले. सोबत निरोप नाही, फोन नाही. त्याच्या आईकडून कळलं, ड्रमसेट विकला.

तेव्हा पेरणी तोंडावर होती. त्या पैशातून मी बियाण्याच्या बॅगा अन् डीएपी आणलं. मनाला समजावलं की पैसा लागी लागला. त्यानंतर पोरगं आईशी बोलायचं. मी फोन घेतला की, "हां पप्पा, बरंय. ठेवू का?" एवढंच. जून, जुलै, ऑगस्ट. खंडोबाचा किडा ज्या सोयाबीनवर बसला होता ते त्याच पैशातलं.

म्हणून ते गाणं मी कोणाला सांगितलं नाही. स्वतःलाही नीट सांगितलं नाही.

सोयाबीन निघालं. भावाचं लिहून उपयोग नाही, हमीभावाच्या खाली गेलं अन् खालीच राहिलं. त्या दिवसांत रात्री आठ वाजले की मी फोनवर शिकागोचा भाव बघायचो. आपल्यातल्या बऱ्याच जणांना ही खोड आहे. तिथल्या बाजारात सोयाबीनचा सौदा बुशेलवर होतो, एक बुशेल म्हणजे साठ पौंड, आपले सव्वासत्तावीस किलो धरा. तिथं सकाळचे साडेआठ वाजतात तेव्हा थंडीच्या दिवसांत आपल्याकडं रात्रीचे आठ. तिथं दोन सेंट हलले की इथं लातूरच्या अडतीवर दुसऱ्या दिवशी बोलणं निघतं. एका रात्री भाव बघता बघता डोक्यात आलं, तो मॅगीवाला बँड कुठला म्हणून बघावं. तर तोही शिकागोचा.

मग लागलोच मागं. दारं धरायची नव्हती, हरभऱ्याला तुषार लावले होते. तीन तासाला पाइप बदलायचे अन् मधल्या वेळात मोटारीजवळ शेकोटी करून बसायचं. तीन तास म्हणजे ह्या लोकांचा एक अख्खा कार्यक्रम. दोन भागांत वाजवतात, मध्ये थोडी सुट्टी. एक जागा भिजेपर्यंत एक कार्यक्रम ऐकून व्हायचा.

माहिती जमली ती अशी. बँड निघाला १९९७ च्या डिसेंबरात, इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड गावी. तिथं नोत्र देम नावाचं मोठं विद्यापीठ आहे. त्या कॉलेजातल्या पोरांचे दोन वेगवेगळे बँड होते, त्यांतली काही पोरं एक झाली. ब्रेंडन बेलिस गिटार वाजवतो अन् गातो, जोएल कमिन्स पेटीवर, म्हणजे कीबोर्ड, रायन स्टासिक बेसला, माइक मिरो ड्रमला. लवकरच अँडी फराग आला, तो हातानं वाजवायची वाद्यं सांभाळतो. आपल्याकडं पखवाजाच्या जोडीला टाळ-खंजिरीवाला असतो तसा. पोरं कशी टारगट असावीत बघा, १९९८ ला पहिली रेकॉर्ड काढली अन् नाव दिलं, 'ग्रेटेस्ट हिट्स, भाग तिसरा'. पहिला-दुसरा भाग नाहीच. २००० साली शिकागोला राहायला गेले, अन् त्याच साली जेक सिनिंजर नावाचा दुसरा गिटारवाला आला. दोन गिटारी झाल्यावर ह्यांचं वाजवणं पार बदललं म्हणतात. माझ्या कानाला तर त्या दोघांचं बोलणंच जास्त गोड लागतं. एक विचारतो, दुसरा उत्तर देतो, मग दोघं मिळून तिसरंच बोलतात.

नकाशावर साउथ बेंड काढून बघितलं. वरून फोटो बघा तुम्हीपण. गावाच्या बाहेर सगळी चौकोनी रानं, मैल-मैलाच्या रस्त्यांनी आखलेली. मका अन् सोयाबीन. म्हणजे आपली अन् त्यांची पिकाची भावकीच. त्यांच्याकडं एकेकाचं रान हजार एकराच्या पुढं अन् आपल्याकडं चार एकर, एवढा फरक सोडला तर.

आता ह्यांचं वाजवणं काय आहे ते माझ्या भाषेत सांगतो. जाणकार असतील त्यांनी चुकलं तर खाली लिहावं.

अमेरिकेत जॅम बँड म्हणून एक जात आहे. तिचा मूळ पुरुष म्हणजे ग्रेटफुल डेड, १९६५ चा, कॅलिफोर्नियातला. ही मंडळी गाणं म्हणायला सुरू करतात अन् मध्ये सोडून देतात. मग सगळे मिळून तिथंच नवीन काहीतरी रचत जातात, दहा मिनिटं, वीस मिनिटं, अन् परत मूळ गाण्यावर येतात. आज जे वाजलं ते उद्या वाजणार नाही. म्हणून ऐकणारी माणसं कार्यक्रमात टेपरेकॉर्डर घेऊन यायची. १९८४ पासून तर डेडवाल्यांनी अशा टेपवाल्यांना बसायला वेगळी जागाच करून दिली. पुढं १९८३ ला व्हरमाँट राज्यात फिश नावाचा बँड निघाला, त्यांनी ही गादी चालवली.

दुसरी जात म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक, त्याला प्रोग म्हणतात. ही इंग्लंडची. १९६९-७० च्या सुमाराची. किंग क्रिम्सन, यस, जेनेसिस ही त्यातली मोठी घराणी. ह्यांचं एकेक गाणं म्हणजे चार-चार, पाच-पाच खणांचा वाडा. सगळं आधी आखलेलं. ताल वाकडे, सातचे, पाचचे, अकराचे. पिंक फ्लॉइडचं १९७३ चं 'मनी' गाणं ऐका, बहुतेक सगळं सातात आहे. आपल्याला सातचं नवल नाही, रूपक सातचाच. पण तिकडं सगळं जग चारात चालतं, त्यात सात म्हणजे पायाखालचा एक दगड काढून घेतल्यासारखं.

म्हणजे एक जात सगळं मोकळं सोडणारी अन् दुसरी सगळं आखून घेणारी. तुम्हीच सांगा, ह्या दोघांचं लग्न जमेल का? मला तरी वाटलं नसतं. ह्या साउथ बेंडच्या पोरांनी ते जमवलं. जिथं आखलेलं आहे तिथं सहा माणसं एका दोरीत. एक हात कमी-जास्त नाही. अन् तिथून निघाले की मोकळ्या रानात. मोकळ्या रानातून परत त्या आखलेल्या दोरीवर सगळे एकदम येतात, ते ऐकताना अंगावर काटा येतो. शेकोटीजवळ बसून थंडीनं आला असेल म्हणा, पण येतो.

आता मला खरी पकड बसली ती कुठं, ते सांगतो. व्हिडिओ बघताना दिसलं की हे लोक वाजवता वाजवता हातानं खुणा करतात. बोटं दाखवतात, मूठ करतात, मान हलवतात. कोणत्या सुरावर जायचं, कधी थांबायचं, कोणी पुढं व्हायचं, सगळं खुणेवर. वर त्यांच्याजवळ एक वेगळा माइकपण असतो, त्यात बोललेलं फक्त त्यांनाच ऐकू येतं, पब्लिकला नाही. मी तो व्हिडिओ थांबवला अन् नुसता बसलो.

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. मी लहानपणी त्यांच्या शेजारी टाळ घेऊन बसायचो. सप्त्यात रात्रीच्या जागराला बारा वाजून गेले की पेंगणारी माणसं जागी करायचं काम दादांचं. तोंडानं बोलत नसत. म्हणणाऱ्याकडं बघून डावी भुवई वर करायची. त्यानं मान हलवली की दादा लग्गी सुरू करायचे अन् सगळे टाळ एकदम उठायचे. बाहेरच्या माणसाला वाटायचं, हे आपोआप झालं. आपोआप काही होत नव्हतं, भुवई वर गेलेली असायची. ती भुवई मला ओळखता यायची याचा मला फार अभिमान होता. मग दादा गेले. पखवाज माळवदाच्या खोलीत खुंटीला आहे, शाई उडाली, वाद्या सैल झाल्या. मी तो शिकलो नाही. शिकायचं वय होतं तेव्हा दादाच म्हणाले होते, "ह्यानं पोट भरत नाही, शाळा बघ."

हे वाक्य मला तीस वर्षांत आठवलं नव्हतं. त्या रात्री आठवलं.

आणखी दोन-तीन गोष्टी सांगतो, मग परत पोराकडं येतो.

एक. ह्यांचं जे जागेवर रचलेलं असतं, त्याला हे लोक 'जिमी स्टुअर्ट' म्हणतात. जुन्या सिनेमातल्या नटाचं नाव. सगळं रेकॉर्ड करून ठेवतात. मग ऐकून, त्यातला एखादा तुकडा चांगला निघाला की त्याचं पुढं पक्कं गाणं करतात. हे मला एकदम कळलं, कारण घरचं बियाणं आपण असंच धरतो. रानात फिरून चांगली जागा बघायची, ती वेगळी काढायची, वेगळी मळायची, अन् पेरायच्या आधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते बघायचं. बाकीचं बाजारात.

दोन. २०१० पासून काही वर्षं त्यांनी यूएमबाऊल नावाचा खेळ केला, पहिला शिकागोतच. त्यातल्या एका भागात पब्लिकनं फोनवरून मेसेज करायचा, असं वाजवा, तसं वाजवा, अन् ते वर पडद्यावर आलं की हे तसं वाजवणार. आपल्याकडं कीर्तनात चिठ्ठी जाते तसं, पण चिठ्ठीतली फर्माईश ठरलेल्या अभंगाची असते. ही फर्माईश म्हणजे अजून जन्मालाच न आलेल्या गाण्याची.

तीन. ऐकणारी माणसं वह्या ठेवतात. कोणत्या तारखेला, कोणत्या गावात, कोणतं गाणं कितव्या नंबरला झालं, कुठं तोडलं, त्यात दुसरं कोणतं घुसलं, अन् राहिलेलं पुढं कोणत्या कार्यक्रमात पुरं केलं. हो, अर्धं गाणं एका गावात अन् उरलेलं दुसऱ्या गावात, असंही करतात. १९९८ पासूनचा हिशोब लिहिलेला सापडतो. मला हसायला आलं. मी वीस वर्षं वहीत पाऊस लिहितोय, कोणत्या तारखेला किती, पेरा कधी, वाफसा कधी. घरचे म्हणतात, लिहून काय पाऊस वाढणारे का? म्हटलं, जगात आपण एकटे नाही.

('मँटिस' नावाची अख्खी रेकॉर्ड २००९ च्या जानेवारीतली. मला ती सगळीच्या सगळी आवडत नाही, दोन-तीन गाणी नुसती आवाजी वाटतात. २००४ ची 'अँकर ड्रॉप्स' मला जास्त भावली. अन् २०१४ ला लंडनच्या अॅबी रोडला, जिथं बीटल्सनी रेकॉर्डिंग केलं त्याच खोलीत, ह्यांनी एका दिवसात पूर्ण रेकॉर्ड वाजवून उरकली. ती 'लंडन सेशन' नव्या माणसानं आधी ऐकावी, अंगावर येत नाही.)

तर ड्रमवाला. माझं सगळं लक्ष ड्रमवाल्याकडंच असायचं, हे तुमच्या ध्यानात आलं असेल. सुरुवातीचा ड्रमवाला माइक मिरो. २००२ साली, बँड नुकता वर येत असताना, त्याच वर्षी त्यांना बोनारूच्या पहिल्या मोठ्या जत्रेत वाजवायला मिळालं होतं, त्यानं बँड सोडला. का, तर डॉक्टरकी शिकायला जायचं म्हणून. हे वाचलं अन् खरं सांगतो मंडळी, मी खूश झालो. म्हटलं, सापडलं! पोराला हेच सांगायचं. बघ, तुझ्याच देवघरातला माणूस, त्यालाही कळलं की आधी शिक्षण. मनात अख्खं भाषण तयार केलं. पाइप बदलताना स्वतःशीच बोलून बघितलं.

मग पुढचं वाचलं. त्याच्या जागी क्रिस मायर्स आला. तो शिकागोच्या डीपॉल विद्यापीठात जॅझ शिकलेला. म्हणजे ड्रम वाजवणं हेच ज्याचं शिक्षण. अन् तो पुढची वीस वर्षं तिथं वाजवत राहिला. माझ्या भाषणाला खोट लागली. आणखी पुढं वाचलं तर मिरो २०१४ च्या जानेवारीत वारला. तरुण वयात. बँडवाल्यांनी त्याच्यासाठी हळहळ केली, तो सोडून गेला म्हणून कोणाच्या मनात काही नव्हतं.

त्याच्यापुढं मला भाषण सुचलं नाही. शेकोटी विझली होती, ती परत पेटवली नाही. तसाच बसलो. तुषाराचा आवाज चालू होता, टिक-टिक-टिक-टिक, अन् फिरून परत येताना सर्रर्र. माझ्या पोराला लहानपणी त्या आवाजावर जेवताना ताट वाजवायची सवय होती. मी ओरडायचो.

पहाटे साडेचारला मी त्याला व्हॉट्सअॅपवर ते गाणं पाठवलं. खाली काही लिहिलं नाही. त्यानं पैसे पाठवताना लिहिलं नव्हतं तसंच. मग वाटलं, हा टोमणा समजेल. म्हणून बोलून पाठवलं, "हे खंडोबाच्या किड्याचं गाणं आहे. मला आवडलं. ह्यातला ड्रमवाला मधल्या हळू भागात काय करतो, ते सांग. मला मोजता येईना."

सकाळी दूध घालून आलो तरी उत्तर नाही. दुपारी नाही. संध्याकाळी त्याच्या आईचा फोन वाजला. तिच्याशी बोलून झाल्यावर तिनं फोन माझ्याकडं दिला.

"पप्पा, हे तुम्ही कुठं ऐकलं?"

"सोयाबीनमधे."

तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग हसला. मेनंतर पहिल्यांदा. म्हणाला, "आमच्या ग्रुपमधे फक्त मलाच हा बँड माहितीये असं मला वाटायचं." मग जे बोलायला लागला ते अर्धा तास. मला निम्मं कळलं नाही. मी हां-हां करत होतो. एकदा मी मध्येच म्हणालो, "तो मिरो डॉक्टर व्हायला गेला म्हणे." तो पलीकडून गप्प झाला. भाषणाची वाट बघत असावा. मी म्हणालो, "बिचारा लवकर गेला." अन् विषय तिथंच राहिला.

येळवसला तो आला. लातूर, धाराशिवकडच्या लोकांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडं सगळं गाव रानात जेवायला जातं. कडब्याची कोप करायची, पांडवांची पूजा करायची, भज्जी, बाजरीचे उंडे, आंबिल. शहरात गेलेली पोरं दिवाळीला येणार नाहीत पण येळवसला येतात. हा मागच्या साली आला नव्हता.

जेवणं झाल्यावर बाया कोपीत कलंडल्या. आम्ही दोघं बांधावर बाभळीखाली बसलो. त्यानं एक कार्यक्रम लावला, त्याच्या आवडीचा. फोन आंबिलाच्या रिकाम्या बिंदगीत ठेवला, आवाज घुमतो म्हणून. मी मांडीवर मोजत होतो. म्हटलं, "हे सात आहे." तो म्हणाला, "नाही पप्पा, इथं ते दर दुसऱ्या वेळेला एक वाढवतात. मोजू नका, नुसतं पहिल्या ठोक्याला लक्ष द्या." मी तसं केलं. तीनदा चुकलो. चौथ्यांदा मी अन् तो एकदमच मांडीवर पडलो. त्यानं माझ्याकडं बघून भुवई वर केली. आता ही त्यानं कुठून घेतली? दादा गेले तेव्हा हा दोन वर्षांचा होता.

मी तेव्हाच विचारणार होतो, पण त्यानंच विचारलं. "त्या साडेअठराचं काय केलं?"

"बियाणं आणलं. अन् डीएपी."

"उतारा किती पडला?"

"एकरी सात."

"कमीच की."

"पावसानं खंड दिला ना फुलात."

"हां," म्हणाला. ड्रमसेटचं मी म्हणालो, "मला तसं बोलायला नको होतं." त्यानं गवताची काडी मोडली अन् म्हणाला, "विषय माझेच राहिले होते. त्यात ड्रमचा दोष नव्हता, मी अभ्यासच केला नव्हता." मग सांगितलं, आता शनिवारी तासावर भाड्यानं मिळतो, तिथं जाऊन वाजवतो. तीन विषय होते, दोन निघाले, एक आहे. परीक्षा मे मध्ये. मी म्हटलं, "बरं." एवढंच म्हटलं. पैसे देतो असं म्हणायचं तोंडावर आलं होतं, पण ह्या वर्षीचा भाव तुम्हाला माहीतच आहे, खोटं बोलायचं जिवावर आलं.

जाताना त्यानं माळवदाच्या खोलीतून पखवाज काढला. शाई लावून देणारा माणूस पुण्यात आहे म्हणाला. चादरीत गुंडाळून एसटीत मांडीवर घेऊन गेला. कंडक्टरनं अर्धं तिकीट लावतो का बघू म्हणून थट्टा केली.

आता शेतीचं. हरभऱ्याला दुसरं पाणी झालं. घाटे भरायला लागलेत. काल सकाळी एका ओळीत चालत बघितलं तर मीटरभर ओळीत एखाद-दुसरी लहान अळी दिसतेय, हिरवी.  उद्या एकरी पाच कामगंध सापळे लावतोय अन् पक्ष्यांना बसायला तुऱ्हाट्या रोवतोय. सापळ्यात रोज किती पतंग पडतात ते लिहून ठेवीन, आठ दिवसांनी इथं टाकतो. खंडोबाचा किडा हरभऱ्यात अजून दिसला नाही. कोणाला दिसला तर फोटो टाका.